सरकारी प्रकाशने आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



ग्रंथपालाला बोलावले की तो वाचनाचे महत्त्व सांगणार, हे तुम्ही गृहीत धरलेच असेल. आपल्या धर्मातला पहिला आदेशच वाचण्याचा आहे, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. पण आज मी ज्या वाचनाविषयी बोलणार आहे त्याकडे आपण सहसा ढुंकूनही पाहत नाही. सरकार जे छापते आणि जाहीर करते, ते वाचण्याविषयी मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी तांबोळी समाजाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. एका कचेरीच्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आले, "मुसलमानांत कसली आली जात? तुम्हाला हा दाखला मिळत नाही." ते मुकाट्याने घरी परतले. वास्तविक महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत तांबोळी, पिंजारी यांसारखे समाज आहेत आणि ती यादी छापील आहे. आम्ही ती शोधून काढली, निर्णयाचा क्रमांक व दिनांक अर्जात लिहिला, यादीची प्रत जोडली. दुसऱ्या खेपेस अर्ज बिनतक्रार घेतला गेला. पण तोवर प्रवेशाची मुदत टळली होती. मुलीचे एक वर्ष वाया गेले. तिचा हक्क कागदावर होता. तो कागद कुठे मिळतो हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

तेव्हा हा कागद कसा शोधायचा ते पाहू.

पहिली अडचण नावाची. ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तकाची नोंद लेखकाच्या नावाने असते. सरकारी प्रकाशनाचा लेखक कोण? सर्वसाधारण नियम असा की, ज्या सरकारने वा समितीने ते काढले त्याच्या नावाने नोंद करायची. आधी 'भारत' किंवा 'महाराष्ट्र', त्यानंतर मंत्रालय, विभाग किंवा समिती. आपण मात्र अहवाल ओळखतो तो अध्यक्षांच्या आडनावाने. २००५ साली पंतप्रधानांनी न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. त्या अहवालाच्या मथळ्यात सच्चर हे नाव नाही. भारतातील मुस्लिम समाजाची सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थिती असा त्याचा विषय-मथळा आहे. तालिकेत 'सच्चर पाहा' अशी जोडनोंद नसेल तर विद्यार्थी हात हलवीत परत जातो. कोठारी आयोगाचा अहवाल 'शिक्षण आयोग, १९६४-६६' या नावाखाली, तर मंडल आयोगाचा 'मागासवर्ग आयोग' या नावाखाली शोधावा लागतो. म्हणून समितीचे पूर्ण नाव, तिला नेमणारे खाते आणि वर्ष, या तीन गोष्टी टिपून ठेवा.

दुसरा प्रश्न, ही प्रकाशने असतात कुठे? १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास पाठवायची असते. मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांनाही एकेक प्रत द्यावी लागते. हा कायदा सरकारी पुस्तकांनाही लागू आहे. केवळ कचेरीतील वापरासाठी काढलेली पुस्तके त्यातून वगळली आहेत. विकत घ्यायची असतील तर राज्याची शासकीय ग्रंथागारे आहेत. मुंबईत चर्नी रोडचे ग्रंथागार अनेकांनी पाहिले असेल.

आता बरेचसे घरबसल्याही मिळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची छपाई थांबवली. ते संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. राज्याचे शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक व विषय यांवरून शोधता येतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र संगणक संकेतांक असतो. निर्णय हाती आला की त्याचा माथा आधी पाहा. तिथे 'वाचा' किंवा 'संदर्भ' असे लिहून आधीच्या निर्णयांचे क्रमांक दिलेले असतात. त्यांचा माग काढीत गेलात की मूळ निर्णयापर्यंत पोचता, आणि मधे काय बदलले तेही कळते. जुना निर्णय घेऊन खिडकीवर गेलात आणि तो रद्द झालेला निघाला, तर दोष तुमच्याकडे येईल.

आणि इतके करूनही कागद मिळाला नाही तर? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. त्याचे कलम ४ सांगते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत आणि ठराविक माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपणहून जाहीर करावी. म्हणजे सूची करणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे. तरीही न मिळाल्यास १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही.

कोणी विचारील, अशा अहवालाची नक्कल काढणे गुन्हा तर नाही? विधिमंडळापुढे किंवा संसदेपुढे ठेवलेल्या समितीच्या अहवालाची नक्कल काढण्यास, सरकारने खास मनाई केली नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोकळीक दिली आहे. निर्धास्तपणे प्रत काढा, शेजाऱ्यालाही द्या.

आता संस्थेच्या चालकांना एक विनंती. आपल्या वाचनालयात एक कपाट सरकारी प्रकाशनांसाठी राखून ठेवावे आणि त्याजवळ एक नोंदवही असावी. तीत पाचच रकाने आखावेत: खाते, क्रमांक, दिनांक, विषय आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव. पाचवा रकाना विसरू नका. 'सच्चर' म्हणून विचारणाऱ्या मुलालाही आणि 'तांबोळ्यांचा दाखला' म्हणून विचारणाऱ्या बापालाही तोच वाट दाखवील. नववी-दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक तास दिला तरी वर्षभरात ही वही भरेल, आणि त्या मुलांना कामकाजाची भाषा वाचण्याची सवय लागेल ती निराळीच.

पालकांनो, पुढच्या वेळी खिडकीवर कोणी "असा नियम नाही" म्हटले तर वाद घालू नका, रागावूही नका. नियमाचा क्रमांक, दिनांक आणि प्रत पुढे ठेवा. त्या तांबोळी गृहस्थांच्या धाकट्या मुलीच्या वेळी त्यांनी तसेच केले. दाखला वेळेत मिळाला.