तार कशावर बसवली, तेही पेटंटात शोधता येतं

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: "ताई, आपण बनवलेल्या यंत्राचं पेटंट मिळेल का?" आम्ही म्हणतो, आधी शोधा, मग अर्ज करा. हा शोध कसा घ्यायचा, ते आज घरातल्याच वस्तूवरून पाहू.

कॉइलची शेगडी डोळ्यांपुढे आणा. तार विजेला अडवते, म्हणून तापून लाल होते. ती चिनीमातीच्या थाळीतल्या खाचेत बसवलेली असते. थाळी तारेला धरून ठेवते आणि वीज बाहेर जाऊ देत नाही. इस्त्रीत हेच काम अभ्रक करतं. पंख्याच्या जुन्या, पेटीसारख्या रेग्युलेटरमध्येही विजेला अडवणारी तार चिनीमातीच्या आधारावर गुंडाळलेली असायची.

अशा आधारांवरही जगभर पेटंटं घेतली गेली आहेत. पण कुणी त्याला थाळी म्हणतं, कुणी बैठक, कुणी पाटी. नावावरून शोधलं तर निम्मी सुटतात. म्हणून प्रत्येक पेटंटाला एक खूण देतात. धान्याच्या कोठीत कप्पे असावेत तसे 'ए' ते 'एच' असे आठ मोठे विभाग आहेत. 'एच' म्हणजे वीज. त्यात 'एच०१सी' म्हणजे वीज अडवणारे भाग, आणि त्यातही '१/०१२' म्हणजे त्या भागाला लांबीभर आधार देणारी बैठक.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तार तीच, चिनीमाती तीच, पण काम तापवण्याचं असेल तर 'एच०५बी ३' हा कप्पाही पाहावा लागतो. वस्तू काय काम करते यावर तिची जागा ठरते.

समजा, एखाद्या गटानं पापड वाळवायची विजेची पेटी केली. दोन्ही कप्पे पाहिल्यावर तशीच रचना आधीच नोंदलेली निघाली, तर अर्जाचा खर्च वाचला. शिवाय भारतात पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. मुदत संपली की ती रचना कुणालाही वापरता येते. म्हणजे जुनं पेटंट ही फुकटची शिकवणीच. शेगडीतली नायक्रोमची तारच पाहा. तिचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळालं होतं. आज ती कुणीही वापरतं.

आणि रचना खरोखर नवी निघाली, तर आधी अर्ज, मग प्रदर्शन. आधीच सगळ्यांना उघडून दाखवली, तर नवेपणाचा हक्क जाऊ शकतो.

भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधायला पैसे लागत नाहीत. आपल्या नागपुरातच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे या विषयाचं प्रशिक्षण मिळतं. तेव्हा "पेटंट काढून देतो, पैसे भरा" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: "कोणत्या कप्प्यात शोधलंत?"

पुढच्या बैठकीत गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाईल घेऊन बसवा आणि एक कप्पा उघडून पाहाच.