कुत्र्याचें तोंडीलावणें

जेवणांत भाकरी मुख्य खरी, पण ती घशाखालीं उतरते तोंडीलावण्याच्या जोरावर. हा न्याय कुत्र्यालाही लागू आहे. आणि जो कुत्रा फणी दिसतांच खाटेखालीं दडी मारतो, त्याच्या बाबतींत तर तोंडीलावण्याची निवड हा केवळ चवीचा प्रश्न उरत नाहीं.

आमच्या जुन्नर-आंबेगांवकडे कुत्र्याला विंचरणें ही हौस नव्हे. गोठा घराला लागून असतो. गोचीड कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखालीं जाऊन बसते. तिच्या चाव्यांतून रक्तांत शिरणारे सूक्ष्म जंतु ताप आणतात, रक्त आटवितात, आणि वेळीं उपचार न झाल्यास कुत्रा दगावतो. चांचपून व विंचरून पाहिल्यावांचून ती सांपडत नाहीं, आणि कुत्र्याला नेमके हेच अवयव धरलेले खपत नाहींत. चौघांनीं बळानें दाबून धरलें, तर आजचें काम होतें आणि उद्यांचें बिघडतें.

येथें रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह उपयोगी पडतो. १९०४ मध्यें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल. पण जगाला तो ठाऊक झाला अन्नापूर्वीची खूण ओळखून लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळें. तोच क्रम घरीं लावावा. आधीं फणी दाखवावी, मग घांस. दुसऱ्या दिवशीं फणी पाठीला टेकवावी, मग घांस. कान व पाय सर्वांत शेवटीं. क्रम उलटून खाऊ आधीं व फणी मागून आली, तर कुत्रा अन्नाकडेच संशयानें पाहूं लागतो. (खाऊ दाखवून मुलाला पुढें बोलावणारे आणि मग छडी उगारणारे शिक्षक मीं पाहिले आहेत, त्यांचा खाऊ पुढें कोणी घेईना.)

आतां तोंडीलावणें कोणतें? जें चाटून संपायला वेळ लागतो तें. मांसाचा तुकडा क्षणांत गिळला जातो, आणि फणी अजून मानेवरच असते. घट्ट, बिनसाखरेचें दहीं ताटलीला पसरून लावावें. किंवा उकडलेला तांबडा भोपळा भाकरीच्या कुसकऱ्यावर लिंपावा. उकडलेलें अंडें चालतें. मीठमसाल्यावांचून शिजविलेल्या कोंबडीचें पाणीही चालतें; हाडें मात्र काढावीं, कारण शिजलेलें हाड फुटून टोकदार होतें. पदार्थ एकच ठरवावा व तो फणीच्या वेळींच मिळावा. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नको.

उरलेला रस्सा भाकरीवर ओतणें ही आमच्याकडची जुनी रीत. ओतूर, आळेफाटा, मंचर हे कांद्याचे बाजार. कांदा-लसणावांचून रस्सा कसला! परंतु कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. शिजविल्यानें हा दोष जात नाहीं. परिणाम दिसावयास कांहीं दिवस लागतात: हिरड्या फिकट, लघवी तपकिरी, थोड्या चालण्यानें धाप. गोचीडतापाचीं लक्षणेंही पुष्कळदां अशींच असतात. त्यामुळें दोष गोचिडीवर जातो आणि रस्सा चालूच राहतो. पशुवैद्यांना कुत्र्याचें खाणें सांगितलेंच पाहिजे.

नारायणगांवचीं द्राक्षें गोड खरीं, पण द्राक्षें व बेदाणे कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतात, आणि किती खाल्ल्यानें, याला नेम नाहीं. २०२१ मध्यें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं त्यांतील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविलें. चिंचेंतही तेंच आम्ल असतें, तेव्हां चिंचेची आमटीही वर्ज्य.

राहतां राहिली वेळ. उसाच्या फडांतून बिबटे वावरतात, आणि ओट्यावर बांधलेला कुत्रा हें त्यांचें सोपें भक्ष्य. म्हणून विंचरणें, चाटवणें सारें दिवस मावळण्यापूर्वीं उरकावें, ताटली धुवून आंत घ्यावी, आणि तिच्यामागोमाग कुत्र्यालाही.