हेन्रीचें खोकें आणि मुलांचे प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला जिजाबाई कोण हें सांगावें लागत नाहीं. १६६६ सालीं शिवाजीमहाराज आग्र्याहून पेटाऱ्यांतून निसटल्याची कथाहि त्यानें घरींच ऐकलेली असते. अशा मुलाला गुलामगिरी म्हणजे काय हें समजावून द्यावयाचें झाल्यास मी त्याच्यापुढें दुसरा एक पेटारा ठेवीन.

अमेरिकेंतील रिचमंड शहरीं हेन्री ब्राउन नांवाचा एक गुलाम तंबाखूच्या कारखान्यांत राबत असे. १८४८ सालीं त्याची बायको व मुलें विकलीं गेलीं. पुढील वर्षीं मार्च महिन्यांत तो एका लांकडी खोक्यांत शिरला, वरून फळी ठोकविली आणि मालाप्रमाणें फिलाडेल्फियास रवाना झाला. खोकें सुमारें तीन फूट लांब. प्रवास २७ तासांचा. वरची बाजू कोणती हें लिहिलेलें असूनहि वाटेंत तें उलटें ठेवलें गेलें, आणि डोकें खालीं अशा स्थितींत तो निमूट पडून राहिला. एलन लेव्हाइन यांनीं लिहिलेल्या व कदीर नेल्सन यांनीं चितारलेल्या २००७ सालच्या चित्रपुस्तकांत ही हकीगत आहे. परंतु पुस्तकाचा आरंभ खोक्यापासून होत नाहीं. गुलामाला स्वतःचा वाढदिवसहि ठाऊक नसतो, येथून होतो. लहान मुलाच्या मनाला गुलामगिरी कळण्यास याहून जवळची वाट मला तरी दिसत नाहीं.

भीति एवढीच कीं, मूल दोन्ही पेटारे एकच समजेल. महाराज पहाऱ्यांत होते, तरी राजेच होते. हेन्रीला तर कायद्यानेंच धनी होता. म्हणून युक्ति फत्ते झाली एवढ्यावर टाळ्या पिटून पान उलटूं नये. “त्याचीं मुलें कोठें गेलीं?” असें मूल विचारील. तीं त्याला पुन्हां मिळालीं नाहींत, हें सरळ सांगावें. पदरचा गोड शेवट जोडूं नये. मुलें तेवढीं नाजूक नसतात.

आणि हें सारें दूरदेशींचेंच, असें तरी कां म्हणावें? मलिक अंबर आफ्रिकेंतून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनेंत आला. ज्या निजामशाहीचे लखुजी सरदार होते, तिचाच तो पुढें वजीर झाला. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिलें, तें अमेरिकेंत गुलामांच्या मुक्तीकरितां झटणाऱ्या लोकांस अर्पण केलें. आपल्याकडे वेठबिगारीस बंदी करणारा कायदा १९७६ सालचा. त्यापूर्वीं कर्जापायीं आपल्या गांवांत कोण कोणाच्या शेतावर राबत होतें, हें मुलांनीं आजीआजोबांना अवश्य विचारावें, आणि त्यांनींहि विषय बदलूं नये.