गडाचा चुना, गवंड्याची थापी

मी मटेरियल सायंटिस्ट आहे असं सांगितलं, की बहुतेक जण विचारतात, ‘म्हणजे फिजिक्स का?’ मराठीतला ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द भौतिकशास्त्राने आधीच अडवून ठेवलाय, त्याला इलाज नाही. वस्तू कशाची बनली आहे, तिची आतली रचना कशी आहे आणि त्यामुळे ती का टिकते किंवा का मोडते, हे शोधणं म्हणजे आमचं काम.

भोर-वेल्ह्याकडे त्याचं उदाहरण डोंगरावरच उभं आहे. राजगड आणि तोरणा. काळा बेसाल्ट आणि चुना. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूबरोबर घाण्यात मळून भिंतीत भरला, की हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेत सावकाश दगड होतो. जाड भिंतीत याला वर्षं लागतात.

अशा भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरलं तर? सिमेंट मजबूत, मग हरकत काय, असं वाटतं. पण वेल्ह्याच्या पावसात भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून वाळून जातं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी दगडातून वाट काढतं, क्षार साचतात, पापुद्रे सुटतात. सांधा राहतो, दगड जातो! म्हणून दुरुस्तीचा माल दगडापेक्षा मऊच हवा. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ही चूक आता आणखी महाग पडेल.

या कामाला रसायन, भौतिक, गणित लागतंच. दगडाचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासला की प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ओळखता येतात. यंत्रं शिकता येतात हो. अवघड असतो तो नमुना. संरक्षित वास्तूचा खडाही परवानगीशिवाय उचलता येत नाही. मिळतो तो ढासळलेला, नखाएवढा तुकडा. तो कुठल्या भिंतीचा, किती उंचीवरचा, पावसाच्या बाजूचा की आडोशाचा, हे वहीत लिहिलं नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण वाया. शिवाय एक तुकडा म्हणजे अख्खा गड नव्हे.

आणि धीर. चुन्याचे ठोकळे करून महिनोन्‌महिने थांबायचं. ठोकळा फोडून फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाकला आणि आतला भाग गुलाबी झाला, की समजायचं, अजून थांबायचंय. आठवड्यात निकाल हवा असणाऱ्या मुलांना हे जड जातं.

गवंडी थापी उलटी करून चुना पडतो का ते बघतो. मी चुन्यातलं पाणी तराजूवर मोजतो. त्याची थापी बघितल्याशिवाय माझा आकडा भिंतीवर उपयोगाचा नसतो, म्हणून मी आधी त्याच्याजवळ जाऊन बसतो.