फुग्याला सुकाणू देणारा इंजिनिअर



जत्रेत पोराच्या हातून फुगा सुटला, की वारा नेईल तिकडे तो जातो. १७८३ साली फ्रान्समध्ये माणसे प्रथम फुग्यातून आकाशात गेली, तेव्हा त्यांचीही गत तीच होती. वर जाता येई, खाली उतरता येई. पण जायचे कुठे, हे वाराच ठरवी.

हा फुगा माणसाच्या ताब्यात कसा आणावा, याचा विचार फ्रेंच लष्करातल्या एका तरुण इंजिनिअरने केला. त्याचे नाव झाँ बातिस्त म्यूनिए. जन्म १७५४ चा. १७८३ च्या डिसेंबरात त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध मांडला.

अडचण काय होती? वर बाहेरची हवा विरळ, म्हणून आतला वायू फुगतो. थोडा सोडून द्यावा लागतो. मग खाली येताना पिशवी ढिली पडते. अशी लुळी पिशवी वळवणार कशी? म्यूनिए म्हणाला, मोठ्या पिशवीच्या आत हवेची दुसरी पिशवी ठेवा. भात्याने तिच्यात हवा भरा, म्हणजे फुगा ताठ राहील. भाता म्हणजे आपल्या लोहाराचा असतो ना, तसाच! शिवाय फुगा गोल नको, लांबट हवा. त्याला सुकाणू हवे. आणि पंखे फिरवायला ८० माणसे!

हे जहाज कधी बांधले गेले नाही. माणसांच्या हातांत तेवढा जोर नव्हता, आणि हलके इंजिन अजून निघायचे होते.

फुग्याला हायड्रोजनही पुष्कळ लागे. म्यूनिएने थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्याबरोबर प्रयोग केले. लाल तापलेल्या लोखंडी नळीतून पाणी सोडले, की लोखंड पाण्यातला ऑक्सिजन धरून ठेवते आणि हायड्रोजन मोकळा होतो.

पुढे लढाया पेटल्या. म्यूनिए सेनापती झाला. जून १७९३ मध्ये माइन्झच्या वेढ्यात जखमी होऊन, चाळिशी गाठण्यापूर्वीच, तो वारला. मे १७९४ मध्ये क्रांतिकारकांनी लाव्हाझिएचा शिरच्छेद केला. आणि पुढच्याच महिन्यात, फ्लरूसच्या रणांगणावर, शत्रूची हालचाल टेहळण्यासाठी फ्रेंच सैन्याचा फुगा वर चढला. त्यातला हायड्रोजन तापल्या लोखंडाच्या त्याच रीतीने तयार केलेला होता! पाहायला दोघेही उरले नव्हते.

१८५२ साली आंरी जिफारने लांबट फुग्याला वाफेचे इंजिन जोडून पॅरिसहून उड्डाण केले. म्यूनिएची आतली हवेची पिशवी तर आजच्या हवाई जहाजांतही असते.

गुरुजनहो, वर्गात विमानाची गोष्ट सांगाल, तेव्हा या माणसाचीही सांगा. त्याचे जहाज उडाले नाही. त्याचा विचार मात्र उडाला.