‘साहेबांना फोन द्या, ताई!’

(स्वतः गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींच्या मेळाव्यातलं भाषण)



आजचा विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच काही जणींनी हसून विचारलं, ‘कौटुंबिक हिंसाचार, वारसाहक्क, आरोग्य हे समजू शकतो, पण गाडीची दुरुस्ती आणि मिस्त्री हा आपल्या संघटनेचा विषय कधीपासून झाला?’ माझं उत्तर साधं आहे. जिथे बाईनं पैसे मोजलेले चालतात, पण तिनं प्रश्न विचारलेला चालत नाही, अशी प्रत्येक जागा आपला विषय आहे. गॅरेज ही तशीच एक जागा आहे.

इथे बसलेल्यांकडे बघा. कुणी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते, कुणी रात्रपाळी करून पहाटे एकटी घरी येते, कुणी डबे पोचवते, कुणी सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. यातल्या एकीचीही गाडी हौसेची नाही. ती दोन दिवस बंद पडली तर कुणाचा रोज बुडतो, कुणाची नोकरी अडचणीत येते. तरीही गाडी बिघडली की बऱ्याच जणी आधी नवऱ्याला, भावाला नाहीतर शेजारच्या काकांना फोन लावतात. स्टिअरिंग हातात आलं, पण बॉनेट उघडलं की आपण दोन पावलं मागे सरतो.

याचा बुद्धीशी काही संबंध नाही. घरी स्कूटर खोलली की मुलगा बापाशेजारी पान्हा धरून बसतो आणि मुलगी दोघांसाठी चहा घेऊन येते. दहा वर्षं हे असंच चाललं की ‘त्याला यंत्रातलं उपजत कळतं’ आणि ‘तिला त्यातलं काही कळत नाही’, असं सगळेच म्हणू लागतात. तीसुद्धा म्हणते!

मोटारीचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई, नवऱ्यानं म्हणजे कार्ल बेंझनं बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीनं इतक्या लांब तोवर कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. यातलं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चामडं तिनं स्वतः ठोकलं नाही. काय झिजलंय हे तिला कळलं आणि ज्याला ते काम येतं त्याच्याकडून तिनं ते करून घेतलं. आपल्यालाही इतकंच हवंय.

आता आपल्या कामातले दोन अनुभव सांगते.

आमच्या सल्ला केंद्रात एक परिचारिका आली. पतीपासून वेगळी राहत होती. गाडी तिच्या नावावर, कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जाणारा. पण आजवर गाडी गॅरेजला न्यायची ती नवऱ्यानंच. वेगळी झाल्यावर ती पहिल्यांदा त्याच ओळखीच्या गॅरेजमध्ये क्लचचं काम करायला गेली. काम झालं, पण मालक गाडी देईना. ‘साहेबांना फोन द्या, ताई. त्यांनी सांगितलंय, मला विचारल्याशिवाय गाडी सोडू नका.’ रात्रपाळीला ती आठ दिवस रिक्षानं जात होती. आम्ही दोघी आरसी घेऊन गेलो, नाव दाखवलं, मजुरी चुकती केली आणि पावती मागितली. मालक वाईट माणूस नव्हता. म्हणाला, ‘मला वाटलं, गाडी म्हणजे साहेबांचीच.’ त्याला तसं वाटलं आणि तिची आठ दिवसांची कमाई रिक्षात गेली. बाईला तिच्या हक्काच्या साधनांपासून दूर ठेवणं हा आर्थिक छळ आहे, असं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो. आपला मिस्त्री आपण स्वतः निवडणं हा त्या छळातून बाहेर पडण्याचाही एक भाग आहे.

दुसरा अनुभव आपल्या व्हॅनवाल्या ताईंचा. त्यांची गाडी गरम होऊ लागली. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, ‘हेड गॅसकेट गेलंय. इंजिन खोलावं लागेल. पस्तीस हजार धरून चाला.’ ताईंनी गळ्यातलं मोडायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, पोटाचं ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरांना विचारतो की नाही? मग इथेही विचारू.

दुसऱ्या मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. ‘गाडी गरम कधी होते? पळताना, की उभी असताना?’ ताई म्हणाल्या, शाळेच्या दारात, सिग्नलला. हायवेला काही होत नाही. ‘पाणी कमी होतं का? मागून पांढरा धूर येतो का?’ नाही. त्यांनी ऑइलची दांडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळत नव्हतं. मग इंजिन चालू ठेवून ते थांबले. काटा वर चढला, तरी रेडिएटरचा पंखा फिरेना. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभी असते तेव्हा ते काम पंख्याचं. पंख्याकडे जाणाऱ्या वायरचं कनेक्शन जळलेलं होतं. बिल झालं साडेसहाशे.

पहिल्या माणसानं मुद्दाम फसवलं, की नीट पाहिलंच नाही? आपल्याला ते ठरवत बसायचं कारण नाही. दोन्ही बाबतींत भुर्दंड ताईंनाच पडणार होता. यातून घ्यायचं ते एकच: चांगला मिस्त्री आधी विचारतो, मग पाहतो, मग सांगतो. बॉनेट उघडताच आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा.

विश्वासू मिस्त्री शोधायचा तो गाडी चांगली चालत असताना. भर रस्त्यात गाडी बंद पडल्यावर निवड करायला सवड नसते. आपल्या भागातले रिक्षावाले, टॅक्सीवाले गाडी कुठे नेतात ते विचारा. त्यांचं पोट गाडीवर असतं, त्यांना वारंवार फसणं परवडत नाही. मग त्या गॅरेजला आधी एक छोटं काम द्या. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचं काम त्यासाठी उत्तम. कोणत्या ग्रेडचं ऑइल लागतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. समोर उभ्या राहा, डबा आपल्यासमोर उघडू द्या. काम करणारा माणूस तुमच्याशी बोलतो, की तुमच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते शोधतो, हे पाहा. विचारल्यावर झिजलेला भाग दाखवतो का? ‘हे आता करा, हे सहा महिन्यांनी केलं तरी चालेल, याची गरज नाही’ अशी वर्गवारी करतो का? ‘याची गरज नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं, त्याच्याकडे पुन्हा जावं.

आपणही बोलण्याची एक सवय लावायची. भागाचं नाव घ्यायचं नाही, लक्षण सांगायचं. ‘क्लचप्लेट गेली वाटतं’ असं म्हटलं की क्लचप्लेट बदलली जाते आणि दोष राहिला तर ‘ताई, तुम्हीच सांगितलं होतं’ हे ऐकावं लागतं. त्याऐवजी म्हणा, ‘चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही.’ आवाज कुठून येतो, थंड असताना की गरम झाल्यावर, ब्रेक दाबल्यावर की वळताना, हे टिपून न्या. गाडी रोज आपण चालवतो. ही माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नसते.

थोडं शिकूनही घ्यायचं. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची दांडी पुसून पुन्हा बुडवायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटच्या बाटलीवरही दोन खुणा असतात. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. टायरमध्ये हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात. ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नवा म्हणून जुना टायर गळ्यात पडू नये म्हणून हे पाहायचं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. आणि एक सांगते, प्रत्येक मोठा खर्च म्हणजे फसवणूक नव्हे. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल, टायर गुळगुळीत झाला असेल, तर ते काम पुढे ढकलू नका. तिथे वाचवलेले पैसे जिवावर बेततात.

आता कागदाबद्दल. काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च लिहून घ्या, निदान फोनवर संदेश मागवा. ‘यापेक्षा जास्त काम निघालं तर मला विचारल्याशिवाय करू नका आणि बदललेले जुने भाग मला परत द्या’, ही दोन वाक्यं त्यात असू द्या. हे आधीच का? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्यानं वस्तूवर मेहनत केली तो मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणजे काम झाल्यावर रकमेवरून वाद घालायची वेळ आली तर गाडी त्याच्या ताब्यात असते. वाद टाळायचा तर आकडा आधी ठरला पाहिजे. सुट्या भागाच्या पाकिटावर छापील किंमत असते, ते पाकीट मागा. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात भाव विचारता येतो. बिल मजुरी वेगळी आणि माल वेगळा असं घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक असायला हवा.

बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. पैसे घेऊन काम नीट केलं नाही तर सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लावायचीही सक्ती नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुष्कळदा तेवढ्यानंही समोरचा बोलायला तयार होतो.

हे सगळं सांगताना मिस्त्री म्हणजे आपला शत्रू, असं मला मुळीच म्हणायचं नाही. गल्लीतल्या गॅरेजमध्ये उन्हापावसात गाडीखाली झोपून काम करणारा माणूस आपल्यासारखाच हातावर पोट असलेला असतो. त्याच्या कौशल्याला पदवी नाही म्हणून आपण त्याला ‘ए’ म्हणून हाक मारायची आणि त्यानं आपल्याला मान द्यावा अशी अपेक्षा करायची, हे बरोबर नाही. त्यालाही वरून दाबलं जातं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना मूळ सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि दुरुस्तीची माहिती मिळू दिली जात नाही, हा त्यातला ठपका होता. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. पण त्यातून दिसतं ते हे, की माहिती दाबून ठेवली की भाव वाढवता येतो. कंपनी मिस्त्रीशी तसं वागते आणि काही मिस्त्री आपल्याशी. म्हणून प्रामाणिक मिस्त्री भेटला तर घासाघीस करून त्याची मजुरी पाडू नका. वेळेवर पैसे द्या आणि त्याचं नाव चार जणींना सांगा.

शेवटचा मुद्दा. एकटीनं दुकान-दर-दुकान फिरून विश्वासू माणूस शोधायला वेळ लागतो आणि त्यात पैसेही जातात. आपण इतक्या जणी आहोत. आजपासून केंद्रात एक वही ठेवत आहोत. प्रत्येकीनं आपल्या दुरुस्तीची नोंद त्यात करायची: तारीख, किलोमीटर, लक्षण काय होतं, काय काम केलं, मजुरी किती, माल किती, सहा महिन्यांनी तोच दोष परत आला का. बिलाची प्रत चिकटवायची. शिव्याही नकोत, स्तुतीही नको. घडलं ते लिहायचं. दोन-चार महिन्यांत एकाच कामाचे वेगवेगळे भाव शेजारी शेजारी दिसू लागतील आणि नव्या मैत्रिणीला गॅरेजात जाताना कुणाचा फोन नंबर लागणार नाही, ही वही पुरेल.

चहानंतर बाहेर आवारात व्हॅन उभी आहे. व्हॅनवाल्या ताई स्वतः आपल्याला ऑइलची दांडी आणि कूलंटच्या खुणा दाखवणार आहेत. फक्त बघून जायचं नाही. प्रत्येकीनं हात काळे करायचे आहेत. साबण आणलेला आहे.