एका टेकडीखालची दोन राज्ये

पीपलरावां हे माळव्यातील, आजच्या देवास जिल्ह्यातील एक लहान गाव. तेथील शेतकऱ्यास जमिनीच्या कज्ज्याकरिता जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे झाले, तर आज तो देवासला जातो, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज देतो आणि परत येतो. यात सांगण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटेल. परंतु १९४८ पूर्वी देवासच्या कचेरीत काम असणाऱ्या माणसास आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागे : काम थोरल्या पातीकडे आहे की धाकट्या पातीकडे? कारण देवास नावाची राज्ये दोन होती, आणि दोहोंची राजधानी एकच गाव होते.

गावाच्या डोक्यावर देवीची टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी असून लोक त्यांना ‘बडी माता’ आणि ‘छोटी माता’ म्हणतात. खाली गावातही सारे जोडीनेच होते. दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार, दोन खजिने. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, तर दुसरी बाजू दुसऱ्या राज्यात. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्था दोन्ही बाजूंना निरनिराळी. समोरच्या दुकानात जाणे म्हणजे परराज्यात जाणे! १८८८ साली व्हिक्टोरिया राणीच्या छापाची तांब्याची नाणी निघाली, तीही दोन पात्यांची दोन. तोफांची सलामी मात्र दोन्ही राजांना सारखीच, पंधरा-पंधरा. त्यात एका तोफेचाही फरक करण्याचे इंग्रजांनी टाळले, आणि त्यात त्यांचे शहाणपण होते.

ही व्यवस्था निर्माण झाली कशी? पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेल्या मराठी सरदारांत तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ होते. १७२८ च्या सुमारास त्यांना या मुलखात वाटा मिळाला. दोघांनी तो प्रथम एकत्र सांभाळला. पुढे तुकोजींचा वंश ती थोरली पाती आणि जिवाजींचा ती धाकटी, असे झाले. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला, तेव्हा दोघांनी एकाच कारभाऱ्याच्या हातून राज्य चालवावे असे ठरले होते. ते निभावले नाही. १८४१ नंतर प्रत्येकाने आपापला हिस्सा स्वतंत्र राज्य म्हणून चालविला. हिस्से तरी सलग असावेत? तेही नाही. सारंगपूर, आलोट अशा दूरदूरच्या परगण्यांत दोघांची गावे एकमेकांत अशी मिसळून गेली होती की नकाशावर कोणी दोन रंग शिंपडल्यासारखे दिसावे. १९०१ च्या खानेसुमारीत थोरल्या पातीचे क्षेत्र ४४६ चौरस मैल आणि वस्ती ६२,३१२ भरली. धाकटीचे ४४० चौरस मैल आणि ५४,९०४.

आपण मराठी माणसे ही हकीकत ऐकून हसतो आणि ‘भाऊबंदकी’ हा एकच शब्द उच्चारून मोकळे होतो. वाटणीत विहिरीचे पाणीही वाटून घेणारे भाऊ प्रत्येक गावाने पाहिलेले आहेत. परंतु माझ्या मते हा निकाल फार घाईचा आहे. एका भूमीला दोन धनी असणे ही काही वेडेपणाची खूण नव्हे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पर्वतांत अँडोरा नावाचे चिमुकले राज्य आहे. थोरल्या पातीच्या निम्म्याहूनही ते लहान भरेल. १२७८ सालच्या करारापासून त्याला दोन राजे आहेत : एक उर्जेलचा बिशप, आणि दुसरा, पूर्वी फ्वाचा सरदार व आता फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. इटलीने वेढलेले, टिटानो डोंगरावरचे सान मारिनो हे प्रजासत्ताकही असेच. तेथे दर सहा महिन्यांनी दोन प्रमुख निवडले जातात. मात्र त्यांचा एक नियम देवासच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रमुखांची मुदत संपली की त्यांनी केलेल्या किंवा करावयाच्या राहून गेलेल्या कामांबद्दल कोणाही नागरिकास ठरलेल्या दिवसांत तक्रार गुदरता येते, आणि तिची चौकशी होते.

देवासात उणीव होती ती याची. दोन दरबार, दोन खजिने, दोन फौजा असे सारे होते. खजिन्याचा हिशेब प्रजेने मागावा अशी जागा मात्र दोहोंपैकी एकाही बाजूला नव्हती. तिचे फळ थोरल्या पातीला भोगावे लागले.

१८९९ मध्ये तुकोजीराव तिसरे हे अकरा वर्षांचे असताना गादीवर आले. माणूस बुद्धिमान, विनोदी, अत्यंत भाविक आणि मित्रांवर जीव टाकणारा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी त्यांचा १९०८ मध्ये विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये काही महिने त्यांचा खासगी चिटणीस होता. बाग, मोटारी, विजेचे यंत्र यांची देखरेख त्याच्याकडे आली. या कामांत आपल्याला फारशी गती नाही हे तो जाणून होता, आणि महाराजांचे त्यावाचून काही अडले नाही. त्या वर्षीच्या गोकुळअष्टमीचा उत्सव त्याने डोळे भरून पाहिला. कृष्णमूर्तीपुढे देहभान विसरून भजनात नाचणारा राजा त्याच्या मनात घर करून राहिला. १९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही त्याची कादंबरी निघाली. तिच्या शेवटच्या भागात एका संस्थानातील कृष्णजन्माचा सोहळा आहे आणि त्यात तुकारामाच्या नावाचा गजर आहे. देहूच्या वाण्याचे नाव इंग्रजी कादंबरीत पोचले ते माळव्यातल्या या मराठी दरबारातून.

परंतु त्याच फॉर्स्टरच्या पत्रांत दुसरी बाजूही दिसते. नवा वाडा वर्षानुवर्षे बांधला जात होता आणि पुरा होत नव्हता. सामान येऊन पडे व वापरण्याआधीच मोडे. ही पत्रे आणि आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पुस्तक विलक्षण वाचनीय आहे. मात्र लेखकाचे सारे प्रेम महाराजांवर आणि सारा रोष गोऱ्या अधिकाऱ्यांवर आहे. या सगळ्याचा पैसा ज्या ज्वारी-गव्हाच्या शेतांतून आला, त्या शेतांत तो फारसा शिरत नाही. मित्राने लिहिलेल्या चरित्राकडून अधिक अपेक्षा करू नये, हेही खरे.

पुढे युवराज विक्रमसिंह वडिलांपासून दुरावले. कर्ज वाढत गेले. १९३० नंतर ते इतके झाले की इंग्रज सरकारने चौकशीचा आग्रह धरला. तुकोजीराव दक्षिणेकडे यात्रेस म्हणून निघाले आणि फ्रेंचांच्या ताब्यातील पाँडेचरीत जाऊन राहिले. ते परतले नाहीत. १९३७ च्या डिसेंबरात तेथेच त्यांचा अंत झाला. राजाला हिशेब विचारणारी एकच सत्ता उरली होती, ती परक्यांची. आणि तिला उत्तर देणे मानी राजास कमीपणाचे वाटले. प्रजेला उत्तर देण्याची सवय आधीच लागली असती, तर ही वेळ कदाचित आली नसती.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूकडे पाहा. धाकटी पाती तितकीच लहान, तशीच विखुरलेली, त्याच टेकडीच्या सावलीतली. तिच्या राजावर मात्र राज्य सोडून जाण्याची पाळी आली नाही. म्हणजे वाटणीने राज्य बुडते, हे म्हणणे देवासपुरते तरी टिकत नाही. अर्थात दोन्हीकडे प्रजेचे दैव राजाच्या स्वभावावर लटकलेले होते. राजा काटकसरी निघाला तर प्रजेचे नशीब, उदार निघाला तर कवी-गवयांचे.

गवयांचा उल्लेख आलाच आहे, तर सांगतो. उस्ताद रजब अली खाँ देवासचेच. १९५९ मध्ये ते वारले. संस्थान गेले त्याच १९४८ साली आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला येऊन राहिले आणि १९९२ मधील मृत्यूपर्यंत तेथलेच झाले. माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली ती याच गावात, अंथरुणावर पडल्या पडल्या. आणि थोरल्या पातीचा खजिना जेथे रिता झाला, त्याच देवासात भारत सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना १९७० नंतरच्या दशकात उभा राहिला.

विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. १९५६ साली मध्य भारतही मध्य प्रदेशात मिसळला. त्याआधी १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक प्रौढ रहिवाशास, आपल्यावर राज्य कोणी करावे हे पहिल्या प्रथम विचारण्यात आले होते.